मिरची झोंबली तर...

वऱ्हाडातल्या जेवणाला मिरचीशिवाय चव येत नाही, असे म्हटले तर कोणी वाद घालणार नाही. सकाळी पोह्यांवर तर्री हवी, दुपारी ज्वारीच्या भाकरीसोबत ठेचा हवा आणि आलुबोंड्याच्या बशीत तळलेली मिरची नसेल तर गिऱ्हाईक हॉटेलवाल्याला आठवण करून देते. शेंदूरजनाघाटचा परिसर संत्र्यासाठी आणि संत्र्याच्या कलमांसाठी ओळखला जातो. पण याच वरुड तालुक्यातले राजुरा बाजार हिरव्या मिरचीच्या मोठ्या बाजारपेठेसाठी प्रसिद्ध आहे आणि तेथली मिरची परप्रांतातही जाते. म्हणजे मिरची आपल्या शेतात, आपल्या बाजारात आणि आपल्या ताटात रोजचीच आहे.

असे असूनही एखादी मिरची अनपेक्षितपणे जहाल निघाली की आपली तारांबळ उडते. पंगतीत बसलेला पाहुणा एकदम लालबुंद होतो, कपाळावर घाम येतो, डोळ्यांतून व नाकातून पाणी वाहू लागते. "माय वं, पाणी आन!" अशी हाक जाते. कोणी पाण्याचा तांब्या पुढे करतो, कोणी गरम चहा पाजा म्हणतो, कोणी पाठीवर थापट्या मारतो. यातले बहुतेक उपाय उपयोगाचे नसतात आणि काही तर त्रास वाढवणारे असतात. म्हणून मिरची का झोंबते, झोंबल्यावर नेमके काय करावे आणि कोणत्या वेळी ही आग साधी समजू नये, याची माहिती प्रत्येक घरात असायला हवी.

तिखट ही चव नव्हे

गोड, आंबट, खारट आणि कडू या चवी जिभेवरील रुचिकलिकांना समजतात. तिखटाचे तसे नाही. मिरचीत कॅप्सेसिन नावाचे द्रव्य असते. ते आपल्या तोंडातील वेदना व उष्णता जाणणाऱ्या मज्जातंतूंना चेतवते. अमेरिकेतील शास्त्रज्ञ डेव्हिड ज्युलियस व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये या मज्जातंतूंवरील नेमका ग्राहक शोधून काढला. याच कार्यासाठी ज्युलियस यांना २०२१ मध्ये, स्पर्शज्ञानावर काम करणाऱ्या आर्डेम पॅटापुटियन यांच्यासह, वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

हा ग्राहक मुळात सुमारे ४३ अंश सेल्सिअसच्या वर तापमान गेले की जागा होतो आणि 'भाजते आहे' असा निरोप मेंदूला धाडतो. कॅप्सेसिन त्याला चिकटले की उष्णता नसतानाही तोच निरोप जातो. मेंदू त्यावर विश्वास ठेवतो. अंग थंड करण्यासाठी घाम, तोंड धुण्यासाठी लाळ, आणि डोळ्या-नाकातून पाणी अशी सारी यंत्रणा एकदम कामाला लागते. पक्ष्यांच्या शरीरातील हाच ग्राहक कॅप्सेसिनला दाद देत नाही. म्हणूनच पिंजऱ्यातला पोपट लाल मिरची मजेत खातो.

यातून एक धीराची गोष्ट निघते. नेहमीच्या मिरचीने तोंडाची आग होते तेव्हा वेदना अगदी खरी असते, पण तोंडातील कातडी उकळत्या चहाने भाजावी तशी भाजलेली नसते. ही आग पहिल्या काही मिनिटांत चढते आणि बहुधा पंधरा ते तीस मिनिटांत उतरते. घाबरून धावपळ केल्याने ती लवकर उतरत नाही. उलट घाईत घास श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो.

रोज तिखट खाणाऱ्याला तेच तिखट कमी का लागते, याचेही कारण येथेच आहे. वारंवार कॅप्सेसिनचा संपर्क आला की हे मज्जातंतू काहीसे बोथट होतात. याच गुणाचा उपयोग करून सांधेदुखीवर व नागिणीनंतरच्या मज्जातंतूंच्या वेदनेवर कॅप्सेसिनची मलमे व पट्ट्या वापरल्या जातात. पण घरी आलेला, कमी तिखटाची सवय असलेला पाहुणा किंवा चार वर्षांचे मूल यांचे तोंड आपल्यासारखे बोथट झालेले नसते, हे वाढणाऱ्याने ध्यानात ठेवावे.

एकाच झाडाची एक मिरची सौम्य, दुसरी जहाल

"काल याच मिरच्या खाल्ल्या, काही झाले नाही. आज कशी झोंबली?" हा प्रश्न नेहमी ऐकू येतो. मिरचीचा तिखटपणा जातीवर तर अवलंबून असतोच. कर्नाटकातील ब्याडगी मिरची दिसायला गर्द लाल, पण तिखटाला बेताची. उलट लवंगी मिरची एवढीशी, पण तिची कीर्ती सर्वांना ठाऊक आहे. तेव्हा रंगावरून तिखटाचा अंदाज बांधू नये. जात एकच असली तरी झाडाला पाण्याचा ताण पडला किंवा ऊन कडक असले, तर तिखटपणा वाढू शकतो. एकाच झाडावरच्या दोन मिरच्यांतही फरक पडतो.

घरचे बी धरणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. भज्यांच्या सौम्य मिरचीशेजारी जहाल मिरची लावली आणि परागीकरणात सरमिसळ झाली, तर त्या हंगामाच्या फळात फरक पडत नाही. मात्र त्या फळाचे बी पुढच्या वर्षी लावले की सौम्य म्हणून लावलेल्या झाडाला तिखट मिरच्या लागू शकतात.

मिरचीतील तिखट कोठे असते, याविषयीही गैरसमज आहे. "बिया काढून टाकल्या, आता तिखट लागणार नाही," असे अनेक गृहिणी समजतात. खरे पाहता कॅप्सेसिन तयार होते ते बिया ज्याला चिकटलेल्या असतात त्या आतल्या पांढऱ्या गाभ्यात व शिरांत. बियांना ते केवळ लागलेले असते. म्हणून तिखट कमी करायचे असेल तर बियांसोबत पांढऱ्या शिराही चाकूने खरवडून काढाव्यात.

हा गाभा देठाकडच्या बाजूला जास्त असतो. तळलेली मिरची आपण टोकाकडून खात जातो. पहिले दोन घास सौम्य लागतात, मन निर्धास्त होते आणि शेवटच्या घासाला ठिणगी पडते, त्याचे कारण हेच. त्यातून मिरचीची आग तात्काळ न चढता हळूहळू चढते. तोवर माणसाने दुसरा घास घेतलेला असतो. अनोळखी मिरची पारखायची झाल्यास टोकाचा तुकडा न चाखता देठाजवळचा कणभर तुकडा जिभेला लावावा आणि मिनिटभर थांबावे.

पाण्याने आग का विझत नाही?

कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही. ते तेलात, तुपात व स्निग्ध पदार्थांत विरघळते. पाणी प्यायल्याने घोट तोंडात असेपर्यंत गारवा वाटतो, घोट गिळताच आग पुन्हा वर येते. तेलकट ताटावर नुसते पाणी ओतावे, तसाच हा प्रकार आहे. थंड पाण्याने अपाय मात्र होत नाही. दुसरे काहीच हाताशी नसेल तर बर्फाचा तुकडा चोखण्यास किंवा थंड पाण्याने चूळ भरण्यास हरकत नाही.

दूध आणि दही यांचा गुण निराळा आहे. दुधात केसीन नावाचे प्रथिन असते. ते कॅप्सेसिनला धरून मज्जातंतूंपासून दूर नेते, असे मानले जाते. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठात निरनिराळी पेये घेऊन केलेला एक अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात मलईचे आणि साय काढलेले अशी दोन्ही दुधे सर्वांत उपयोगी ठरली. साखर घातलेले सरबतही बरेच कामी आले. मद्यार्कविरहित बिअर मात्र फारशी उपयोगी पडली नाही. म्हणजे 'मिरची लागली की दही-साखर खा' हा आपल्या आजीचा सल्ला प्रयोगशाळेतही टिकला आहे.

लगेच काय करावे?

१. तोंडातील घास थुंकून टाकावा. संकोच करून तो गिळू नये. पंगतीत असलात तर रुमालात थुंकावा.

२. थंड दूध किंवा घट्ट दही तोंडात घेऊन अर्धा मिनिट सगळीकडे फिरवावे, मग थुंकावे किंवा गिळावे. असे चार-पाच वेळा करावे. घटाघट पिण्यापेक्षा तोंडात धरून ठेवण्याचा उपयोग अधिक होतो. ताकही चालेल, पण ते पातळ पाण्यासारखे नसावे आणि त्याला मिरचीची फोडणी दिलेली नसावी.

३. दूध-दही नसेल तर चमचाभर साखर किंवा गुळाचा खडा जिभेवर ठेवून सावकाश विरघळू द्यावा. मध चालतो, मात्र एक वर्षाखालील बाळाला मध मुळीच देऊ नये.

४. कोरडी भाकरी, पोळी किंवा साधा भात चावून खावा. त्यामुळे जिभेवर चिकटलेले तिखट पुसून निघते. लोणी किंवा तूप हाताशी असेल तर भाकरीला लावून घ्यावे.

५. स्वस्थ बसावे, बोलू नये, नाकाने सावकाश श्वास घ्यावा. घड्याळाकडे पाहावे. पहिली पाच मिनिटे कठीण जातात, नंतर उतार पडतो.

ज्यांना दुधाची अॅलर्जी आहे त्यांनी दूध-दही टाळून साखर व भाकरी यांवर भर द्यावा. मधुमेही व्यक्तींनी साखरेऐवजी दही, दूध व भाकरी यांचा आधार घ्यावा.

आपल्या भागात हमखास विचारला जाणारा प्रश्न म्हणजे, संत्रे खाल्ले तर? संत्र्यातील गोडव्याने थोडे बरे वाटू शकते. परंतु संत्रे आंबटही असते, आणि आंबटपणाने चेतवलेले मज्जातंतू अधिक चुरचुरतात. लिंबाचे तसेच आहे. तेव्हा आग होत असताना संत्रे बाजूला ठेवावे आणि तोंड शांत झाल्यावर त्याचा आस्वाद घ्यावा.

काय करू नये?

गरम चहा देऊ नये. वर सांगितलेला ग्राहक कॅप्सेसिनमुळे आधीच हळवा झालेला असतो. एरवी सोसवणारा चहा त्यावेळी निखाऱ्यासारखा लागतो. भज्यांची मिरची झोंबली आणि वर कटिंग घेतला की आग दुप्पट का वाटते, हे आता वाचकांच्या लक्षात येईल.

दारूने तिखट उतरते, हा समजही चुकीचा आहे. मद्यार्क याच ग्राहकाला चेतवतो, त्यामुळे आग वाढते.

बोटे घालून उलटी काढू नये. वर येताना तेच तिखट, जठरातील आम्लासह, अन्ननलिका व घसा पुन्हा पोळते आणि श्वासनलिकेत जाण्याची भीती असते.

ठसका लागलेल्या माणसाच्या तोंडात पाणी ओतू नये. त्याला आधी खोकून मोकळे होऊ द्यावे. लहान मुलाच्या बाबतीत हे विशेष पाळावे.

हात आणि डोळे

मिरचीची आग तोंडापुरतीच राहत नाही. पाट्यावर ठेचा वाटणाऱ्या गृहिणीचे हात रात्रभर भगभगतात. मिरची तोडणीच्या हंगामात दिवसभर शेतात राबणाऱ्या मजूर भगिनींचे काय होत असेल, याची कल्पना यावरून करावी. त्यांच्या हातांच्या जोरावर बाजार भरतो, पण या त्रासाकडे 'कामाचा भाग' म्हणून पाहिले जाते.

हात भगभगत असतील तर प्रथम कोरड्या फडक्याने पुसावेत. मग गोडेतेल किंवा खोबरेल चोळून ते पुसून काढावे आणि त्यानंतर साबणाने थंड पाण्यात धुवावेत. हा क्रम दोन-तीनदा करावा. आधीच नुसते पाणी लावले तर तिखट निघत नाही, आणि गरम पाण्याने तर आग भडकते. नंतर थंड दुधात किंवा दह्यात हात बुडवून ठेवल्यास आराम पडतो. कामाआधीच हाताला तेल लावणे किंवा रबरी हातमोजे घालणे सर्वांत उत्तम. शेतमालकांनी तोडणीच्या वेळी हातमोजे आणि साबण-पाणी ठेवले तर त्याचा खर्च फार नाही आणि पुण्य मात्र मोठे आहे.

मिरचीचा हात डोळ्याला लागला तर डोळा चोळू नये. आधी हात साबणाने धुवावेत, कारण त्याच हाताने डोळा धुतला तर आगीत भर पडते. मग डोळा उघडा ठेवून स्वच्छ, थंड पाण्याची धार दहा-पंधरा मिनिटे सोडावी. डोळ्यात काँटॅक्ट लेन्स असेल तर ती काढून टाकावी. दूध, तूप, मध, गुलाबपाणी यांपैकी काहीही डोळ्यात घालू नये. दूध तोंडासाठी चांगले असले तरी डोळ्यात ते जंतुसंसर्गाला निमंत्रण देते. तासाभराने दुखणे राहिले किंवा अंधुक दिसू लागले तर डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवावे.

मिरच्या कापल्यावर तान्ह्या बाळाला हाताळण्यापूर्वी, तसेच लघवीला जाण्यापूर्वीही, हात वरीलप्रमाणे धुण्याची सवय लावून घ्यावी. उन्हाळ्यात वर्षाचे तिखट कांडले जाते तेव्हा घरातील दम्याच्या रुग्णाला व लहान मुलांना त्या खोलीपासून दूर ठेवावे, आणि कांडणाऱ्यांनी नाका-तोंडाला ओला रुमाल बांधावा.

पोटात गेल्यावर

जहाल मिरची गिळली गेली तर काही वेळाने छातीत जळजळ, पोटात कळा, मळमळ आणि कधी जुलाब होतात. ज्या मज्जातंतूंनी तोंडात आग लावली तसेच मज्जातंतू आतड्यांतही, अगदी गुदद्वारापर्यंत असतात. म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी शौचाच्या वेळी पुन्हा आठवण होते. त्या दिवशी दहीभात, मुगाची खिचडी, केळे, ताक असा सौम्य आहार घ्यावा आणि जुलाब असतील तर मीठ-साखर-पाणी घेत राहावे. रिकाम्या पोटी नुसता ठेचा खाऊ नये. आधी पोटात भाकरी जाऊ द्यावी.

'तिखट खाऊन अल्सर झाला' असे आपल्याकडे सर्रास म्हटले जाते. जठरव्रणाच्या मागे बहुतांशी हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू किंवा वेदनाशामक गोळ्यांचा अतिरेक असतो. हा जंतू शोधणाऱ्या बॅरी मार्शल व रॉबिन वॉरेन या ऑस्ट्रेलियन डॉक्टरांना २००५ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. मिरची व्रणाचे मूळ कारण नाही, पण व्रण असलेल्याला किंवा आम्लपित्ताच्या रुग्णाला ती त्रास देते. गुदद्वाराला चीर पडलेल्यांनी, म्हणजे फिशरच्या रुग्णांनी, तिखट जपूनच खावे. नागपूर येथे फिशरची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांवर केलेला एक अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातही शस्त्रक्रियेनंतर लाल तिखट खाणाऱ्यांना वेदना व दाह अधिक झाल्याचे दिसून आले.

पैजेची मिरची

आतापर्यंत सांगितले ते आपल्या रोजच्या मिरचीविषयी. आता बाजारात आलेल्या एका नव्या प्रकाराविषयी पालकांना सावध करणे जरूर आहे.

तिखट मोजण्याची पद्धत विल्बर स्कोव्हिल या अमेरिकन औषधशास्त्रज्ञाने १९१२ मध्ये काढली. त्या मापावर ढोबळी मिरची शून्य, तर आपल्या नेहमीच्या मिरच्या काही हजारांपासून लाखाच्या आतबाहेर येतात. आसाम-नागालँडकडील भूत जोलोकिया १० लाखांच्या पुढे जाते. २००७ मध्ये तिची नोंद जगातील सर्वांत तिखट मिरची म्हणून गिनेस बुकात झाली होती. त्यानंतर अमेरिकेत मुद्दाम संकर करून कॅरोलिना रीपर आणि २०२३ मध्ये पेपर एक्स या जाती पुढे आणल्या गेल्या. पेपर एक्सचा आकडा सुमारे २७ लाखांचा आहे. अशा मिरच्यांच्या भुकट्या, सॉस, वेफर्स आणि शेवया आता पुडीबंद मिळतात, आणि मोबाईलवरील चित्रफिती पाहून मुले 'खाऊन दाखव' अशा पैजा लावतात.

सप्टेंबर २०२३ मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात १४ वर्षांच्या एका शाळकरी मुलाने अशाच पैजेतला एक वेफर खाल्ला. त्याच दिवशी त्याचा मृत्यू झाला. शवविच्छेदनाचा निष्कर्ष २०२४ मध्ये जाहीर झाला. अतितीव्र कॅप्सेसिनयुक्त पदार्थ खाल्ल्यानंतर हृदय व श्वसन बंद पडले, असे कारण त्यात दिले होते. मुलाचे हृदय वाढलेले होते आणि त्यात जन्मजात दोषही होता. कंपनीने तो माल बाजारातून मागे घेतला, पण मूल परत आले नाही. आपल्या मुलाच्या हृदयात असा एखादा दोष आहे की नाही, हे किती पालक छातीवर हात ठेवून सांगू शकतील?

प्रौढांच्या बाबतीतही अशा नोंदी आहेत. कॅरोलिना रीपर खाल्ल्यानंतर मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसून असह्य डोकेदुखी झालेल्या ३४ वर्षांच्या पुरुषाची हकिगत २०१८ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात आली. त्याआधी २०१६ मध्ये, भूत जोलोकिया खाऊन झालेल्या जोरदार उलट्यांमुळे अन्ननलिका फाटलेल्या ४७ वर्षांच्या गृहस्थाची नोंद झाली. ही उदाहरणे क्वचित घडणारी आहेत, आणि त्यांच्यावरून घरच्या ठेच्याला घाबरण्याचे कारण नाही. परंतु पैजेची मिरची हे अन्न नव्हे, हे घरात व शाळेत स्पष्टपणे सांगितले पाहिजे. गणपती, शारदोत्सव किंवा कॉलेजच्या संमेलनात मिरची खाण्याच्या स्पर्धा ठेवणाऱ्या मंडळींनीही याचा विचार करावा. जिलेबी खाण्याची स्पर्धा ठेवली तरी हशा तेवढाच पिकतो.

मिरची तीच, तोंड वेगळे

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. कधी कधी मिरची जहाल नसतेच. भाजी तीच, हात तोच, घरातील इतर सारे मजेत जेवत आहेत, आणि एकालाच काही दिवसांपासून साधे वरणही झोंबू लागले आहे. अशा वेळी भाजीत मिरची जास्त झाली म्हणून घरातल्या बाईला दोष दिला जातो. खरा दोष तोंडात असू शकतो.

सुपारी, खर्रा, गुटखा यांची सवय असणाऱ्यांत तोंडातील आवरण हळूहळू कडक व पांढुरके होत जाण्याचा एक आजार आढळतो. त्याला ओरल सबम्युकस फायब्रोसिस म्हणतात. त्याचे मुख्य कारण सुपारी हे आहे. म्हणून 'मी तंबाखू नाही, फक्त सुपारी खातो' ही सबब येथे चालत नाही. या आजाराचे सुरुवातीचे लक्षण म्हणजे तिखट सहन न होणे. पुढे गाल आतून कडक होतात, जीभ बाहेर काढता येत नाही, तोंड उघडणे कमी कमी होत जाते. काही रुग्णांत यातून तोंडाचा कर्करोग उद्भवतो. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, पण विदर्भात खर्ऱ्याची पुडी अजून शाळकरी मुलांच्या खिशातही सापडते.

घरच्या घरी एक सोपी परीक्षा करता येते. आपल्याच हाताची तीन बोटे एकावर एक उभी धरून ती समोरच्या दातांमध्ये जातात का, ते पाहावे. जात नसतील, किंवा दोन आठवड्यांहून अधिक काळ साधे जेवण झोंबत असेल, तोंडात न भरणारी जखम, पांढरा वा लाल चट्टा असेल, तर दंतवैद्याकडे किंवा सरकारी रुग्णालयाच्या दंत विभागात लगेच जावे. सुरुवातीलाच सुपारी-खर्रा कायमचा सोडला तर आजार तेथेच थोपवता येण्याची शक्यता असते. कडक झालेला गाल मात्र पूर्ववत मऊ होणे कठीण असते.

खर्रा न खाणाऱ्यांतही तोंड हळवे होते. रक्तक्षय, ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, वारंवार येणारे तोंड, मधुमेहात होणारा बुरशीसंसर्ग ही त्याची नेहमीची कारणे आहेत. त्यांवर औषधोपचार आहेत. त्यासाठी रक्त तपासून घ्यावे. मनाने गोळ्या घेऊ नयेत.

डॉक्टरांकडे केव्हा जावे?

मिरची खाल्ल्यावर श्वास घेण्यास त्रास होणे, छातीत दुखणे किंवा धडधडणे, चक्कर येऊन पडणे, एकदम असह्य डोके दुखणे, उलट्या न थांबणे, उलटीत रक्त दिसणे, ओठ-जीभ-घसा सुजणे, किंवा लहान मुलाच्या नाकातोंडात तिखटाची भुकटी जाऊन त्याला धाप लागणे, यांपैकी काहीही झाले तर घरगुती उपायांत वेळ दवडू नये. १०८ क्रमांकावर फोन करून रुग्णवाहिका बोलवावी किंवा मिळेल त्या वाहनाने वरुडचे रुग्णालय गाठावे. काय खाल्ले व केव्हा खाल्ले ते डॉक्टरांना सांगावे. पुडीबंद पदार्थ असेल तर पुडी सोबत न्यावी.

ही लक्षणे नसतील तर घाबरू नये. घास थुंकावा, दही तोंडात धरावे आणि अर्धा तास धीर धरावा. अर्ध्या तासात जी उतरते ती मिरचीची आग. जी रोजच्या साध्या जेवणाला पुन्हा पुन्हा लागते, ती मात्र मिरचीच्या माथी मारू नये, डॉक्टरांना दाखवावी.